खुडूक कोंबडी काही केल्या उठंना. तिच्या डोक्यात नेमकं काय होतं?

तुर्रेवाली (औसा तालुका)

नमस्कार मंडळी. आमच्या परसात गावरान कोंबड्या आहेत. शेतातलं जे येतं ते सोयाबीनच्या भावावर, पण तेल-मीठ आणि पोरांच्या वह्या-पेनं अंड्यांवरच निघतात. म्हणून हा प्रश्न कुणी थट्टेवारी नेऊ नका.

सगळ्यात चांगली अंडी देणारी माझी तुर्रेवाली पोळ्याच्या सुमारास खुडूक झाली. अंडी मी रोजच्या रोज उचलत होते. खाली एकसुद्धा ठेवलं नव्हतं. तरी रिकाम्या टोपल्यात भुश्शावर बसून राहायली. हात पुढं केला की पिसं फुगवती, गुरगुरती, चोच मारती. दाणे टाकले की बाकीच्या उधळत येतात. ही मान वर करून बघती आणि तिथंच बसती. हातात घेतली तर नुसती पिसंच लागायलीत, अंगावर मांस राहिलं नाही.

सासूबाईंनी बादलीत बुडवून काढली. अंग वाळलं की परत टोपल्यात. शेजारच्या काकू म्हणतात, नाकातून पीस ओव. आणखी एकीनं सांगितलं, पाय बांधून उन्हात टाक. मला ते बघवत नाही.

दुसरं असं, काकूंकडं पांढरी लेगहॉर्न आहे. ती कधी म्हणून खुडूक झाली नाही. दोघी एकाच उकिरड्यावर चरतात, मग हिच्याच डोक्यात हे कुठून येतं? कुणी म्हणतं हार्मोन. हार्मोन असेल तर औषधानं बंद होतं का? मेडिकलवर बसणाऱ्या पोरानं बायकांचं दूध बंद करायची गोळी अर्धी करून द्या म्हणून सांगितलं. देऊ का?

माहितगारांनी समजंल असं सांगावं. "नेटवर बघा" म्हणू नका, तिथं सगळं इंग्रजीत आहे.

माळावरचा (भूम)

ताई, आमच्या आजीपासून नाकात पीस. ते काढायच्या नादात कोंबडी उठती. दोन दिवसात अंडी चालू. लई विचार करू नका.

पेन्शनर पशुवैद्य (परभणी)

माळावरचे, दोन दिवसांत अंडी चालू होत नाहीत आणि होणारही नाहीत. का, ते पुढे सांगतो.

ताई, आधी गोळीचं. देऊ नका. माणसाच्या डोसची गोळी नखानं अर्धी करून सव्वा-दीड किलोच्या पाखराला घालायची, आणि तिची अंडी पुन्हा घरातली पोरं खाणार. असला उद्योग नको.

आता मूळ मुद्दा. जिंतूर, सेलू, गंगाखेड अशा दवाखान्यांत नोकरी झाली. लोक म्हशीचं विचारायला यायचे. कोंबडीचं विचारायच्या त्या बायकाच, आणि तेही निघताना, दारात उभ्या राहून. त्यामुळे तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत याचं बरं वाटलं. उत्तरही जरा ऐसपैस देतो.

कोंबडीच्या मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग असतो. त्याच्याखाली पिट्युटरी ग्रंथी लोंबकळत असते, आपली पुस्तकं तिला पियूषिका म्हणतात. अंडी चालू असतात तेव्हा हायपोथॅलॅमसकडून पिट्युटरीला एक रसायन जातं, पिट्युटरी रक्तात एलएच नावाचं हार्मोन सोडते, आणि त्याच्या जोरावर अंडाशयात बलक पोसले जातात. आठ-दहा अंडी झाली, टोपल्यात बसायला ऊब मिळाली, की हायपोथॅलॅमसमधून दुसरं रसायन वाढतं. त्याचं नाव व्हीआयपी. थट्टा नाही करत, खरंच नाव आहे: व्हॅसोअॅक्टिव्ह इन्टेस्टिनल पेप्टाइड. ते पहिल्यांदा आतड्यात सापडलं म्हणून नावात आतडं आलं, पण पक्ष्यांच्या मेंदूत त्याचं मोठं काम पिट्युटरीतलं प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढवणं हे आहे. प्रोलॅक्टिन वाढलं की एलएच खाली येतं, अंडाशय आकसतं, अंडी थांबतात, आणि पाखरू बसतं.

बायकांमध्ये आणि म्हशीतही दूध येण्यात प्रोलॅक्टिनचा हात असतो. तिथं मेंदू बहुतेक वेळ डोपामिन नावाचं रसायन सोडून ते दाबून ठेवतो आणि गरज पडली की दाब सैल करतो. पक्ष्यांत मुख्य भार व्हीआयपीवर, म्हणजे दाब सोडण्यापेक्षा पुढून ढकलण्यावर. हार्मोन एकच, पण त्याच्यामागची यंत्रणा वेगळी, म्हणून बायकांची गोळी कोंबडीला तशीच लागू पडेल असं धरू नका. मेडिकलवाल्या पोराला हे माहीत असण्याचं कारण नाही.

१९३५ साली अमेरिकेत ऑस्कर रिडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडी देत असलेल्या कोंबड्यांना प्रोलॅक्टिन टोचलं. कोंबड्या खुडूक झाल्या. पुढे टर्कींना व्हीआयपीच्या विरुद्ध लस टोचूनही पाहिली, तर बसण्याचं प्रमाण घटलं आणि अंडी वाढली. त्यामुळे "कुणी म्हणतं हार्मोन" असं बिचकत लिहायची गरज नाही. हार्मोनच.

पण लोक इथंच थांबतात, आणि मला त्याचाच राग येतो. हार्मोन वाढलं म्हणून कोंबडी बसली, एवढं अर्धंच झालं. ती बसली म्हणून हार्मोन वाढत राहतं, हे दुसरं अर्धं. तुर्रेवालीला उचलून पोटाखाली बघा. तिथली पिसं झडलेली दिसतील, कातडी उघडी आणि गरम लागेल. त्या कातडीला अंड्याचा किंवा घरट्याचा स्पर्श झाला की ती खबर नसांतून मेंदूत जाते आणि व्हीआयपी आणखी सुटतं. असं ते चक्र फिरत राहतं. घरट्यापासून तोडलं की एक-दोन दिवसांत प्रोलॅक्टिन उतरायला लागतं. म्हणजे इलाज स्पर्श तोडण्यात आहे, कोंबडीला छळण्यात नाही.

आता गावातल्या उपायांकडे बघा. बादलीत बुडवण्यात थोडं तथ्य आहे, कारण पोट गार पडतं. पण अंग वाळेपर्यंतच. श्रावण-भादव्याच्या ओलीत भिजलेली कोंबडी गारठते, ते वेगळंच. नाकातल्या पिसाचा मेंदूतल्या या चक्राशी काडीचा संबंध नाही. ती वेदनेनं सैरभैर होऊन टोपलं सोडते, तेवढंच. पाय बांधून उन्हात टाकणं ही निव्वळ क्रूरता.

करायचं ते असं: टोपलं काढून घ्या. खाली जाळी असलेल्या उंच पिंजऱ्यात तिला तीन-चार दिवस ठेवा, पोटाखालून वारा गेला पाहिजे. भुस्सा, पोतं काही टाकू नका. उजेडात ठेवा, बाकीच्या कोंबड्या दिसतील अशा जागी. दाणा-पाणी भरपूर. बाहेर काढल्यावर ती धावत टोपल्याकडे गेली तर पुन्हा एक-दोन दिवस आत.

अंडी मात्र लगेच मागू नका. आकसलेलं अंडाशय पुन्हा वाढायला वेळ लागतो, आणि एकेक बलक भरायलाच आठ-दहा दिवस जातात. दोन-तीन आठवडे धरून चाला. माळावरच्यांच्या आजीची कोंबडी दोन दिवसांत अंडी देत असेल, तर ती मुळात पुरती खुडूक झालेलीच नव्हती.

वजनाचं तुम्ही बरोबर पकडलंय. रानकोंबडी, जी आपल्या सगळ्या कोंबड्यांची मूळ आजी, तिच्यावर प्रयोग झालेत. अंडी उबवताना अगदी घरट्याशेजारी खाणं ठेवलं तरी ती फारसं खात नाही आणि तिचं वजन उतरत जातं. भूकच खाली आणलेली असते. आजार समजून टॉनिकं पाजू नका.

आणि लेगहॉर्न. माणसानं पिढ्यानपिढ्या फक्त जास्त अंडी देणाऱ्या कोंबड्या निवडल्या. जी बसली ती मागे पडली, जी बसली नाही तिची पिल्लं वाढवली, आणि तीही मशीनमध्ये. असं करत करत बसण्याचा स्वभावच त्या जातीतून जवळजवळ गाळून टाकला. काकूंच्या कोंबडीचा त्यात काही मोठेपणा नाही.

शेवटी माझं मत, पटलं तर बघा. खुडूक कोंबडी म्हणजे फुकटचं इन्क्युबेटर. कोंबडा फिरत असलेल्या घरातली दहा-बारा ताजी अंडी आणून तिच्याखाली ठेवा. २१ दिवसांत पिल्लं निघतील. उठवायचीच कशाला?

तुर्रेवाली (औसा तालुका)

सर, दोनदा वाचलं. सासूबाईंनाही वाचून दाखवलं. बादलीत "थोडं तथ्य आहे" एवढंच त्यांनी ऐकलं आणि उठून गेल्या.

पिल्लं काढायचं मनात आहे, पण गेल्या खेपेला मुंगसानं निम्मी उचलली, म्हणून यंदा धीर होईना. पिंजराच बघते.

दोन शंका राहिल्या. एक, अंड्याचा स्पर्श लागतो म्हणता, तर माझ्या तुर्रेवालीखाली अंडं नव्हतंच की. आणि दुसरी शंका आमच्या आठवीतल्या पोराची. दारातल्या लिंबावर कावळ्याचं घरटं असतं, त्यात कोकिळा अंडं टाकून जाती. तिला हे हार्मोन नसतं का?

गिरकीबाज (नांदेड)

पशुवैद्य काकांच्या "दुसऱ्या अर्ध्या"ला जोड देतो. मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलंय आणि गच्चीवर कबुतरं पाळतो. दोन्ही गोष्टींनी घरचे सारखेच वैतागलेत.

प्रोलॅक्टिनचा अभ्यास सुरू झाला तोच मुळी कबुतरांवर. कबुतराच्या पिल्लाला पहिले काही दिवस दाणा मिळत नाही. आई-बापाच्या गळ्यातल्या पिशवीचं, म्हणजे क्रॉपचं, आतलं अस्तर जाड होऊन सुटतं. दह्याच्या चोथ्यासारखं दिसणारं ते खाद्य दोघंही पिल्लाच्या चोचीत उतरवतात. होय, नरसुद्धा. रिडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३३ च्या सुमारास दाखवलं की हे पिट्युटरीच्या एका हार्मोनमुळे होतं, आणि प्रोलॅक्टिन हे नाव त्यांनीच दिलं. पुढे कित्येक वर्षं एखाद्या द्रावात प्रोलॅक्टिन किती आहे हे ठरवायला ते कबुतराला टोचून क्रॉप किती फुगला ते बघत. माझ्याकडचा एक नर पिल्लं असताना इतका हळवा होतो की हाताला येतो. एरवी जवळ उभा राहू देत नाही.

आता खरी गंमत होल्यांची. डॅनियल लेहरमन नावाचे शास्त्रज्ञ अमेरिकेत रट्गर्स विद्यापीठात होल्याच्या कुळातल्या पाळीव पक्ष्यांवर काम करत. मादीला काचेपलीकडे नर नुसता दिसला, तो वाकून-वाकून घुमताना ऐकू आला, तरी तिचं अंडाशय वाढायला लागतं. खच्ची केलेला नर ठेवला तर तो तसा घुमत नाही, आणि मादीतही फारसा फरक पडत नाही. म्हणजे त्याच्या अंगातलं हार्मोन त्याच्या वागण्यातून तिच्या मेंदूत पोचतं. मध्ये इंजेक्शन नाही, रक्त नाही. फक्त दिसणं आणि ऐकणं.

त्याहून पुढची पायरी त्याच संस्थेतल्या मे-फांग चेंग यांची. नर घुमला की मादीही घुमायला लागते. तिचा आवाजच बंद केला तर समोर नर असूनही अंडाशय नीट वाढत नाही, आणि तिच्याच घुमण्याचं रेकॉर्डिंग ऐकवलं की वाढतं. नर घुमतो तिच्यासाठी, आणि ती घुमते ती बऱ्याच अंशी स्वतःच्याच मेंदूसाठी. हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी मी संध्याकाळभर गच्चीवरून उतरलो नाही.

पेन्शनर पशुवैद्य (परभणी)

गिरकीबाज, हे होल्याच्या घुमण्याचं मला नवीन. पुढच्या वेळी घरचे वैतागले तर माझ्याकडे पाठवा.

ताई, पहिली शंका. अंड्याचा स्पर्श सगळ्यात जोरदार, पण तोच एक नाही. मऊ भुस्सा, अंधारा कोपरा, टोपल्याची ऊब, एवढ्यानंही चक्र सुरू होतं आणि फिरत राहतं. त्यासाठी मेंदू आधीच तयार झालेला असतो. अंडी देण्याच्या काळात अंडाशयातून इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही हार्मोनं सुटत असतात, ते मेंदूला प्रोलॅक्टिनचं ऐकायला लावतात. म्हणून कधीच अंडी न दिलेली तलंग सहसा खुडूक होत नाही. रोज अंडी उचलल्यानं खुडूक होणं लांबतं, पण ज्या जातीत तो स्वभाव आहे तिथं टळतंच असं नाही.

पोराची शंका त्याहून भारी आहे, त्याला माझ्याकडून शाबासकी द्या. कोकिळेसारखाच उद्योग करणारा अमेरिकेतला पक्षी म्हणजे काऊबर्ड. तोही दुसऱ्याच्या घरट्यात अंडी टाकतो. त्याचं रक्त तपासलं तेव्हा विणीच्या काळात प्रोलॅक्टिन होतं. बाहेरून प्रोलॅक्टिन टोचूनही पाहिलं. मादी काही बसली नाही. म्हणजे रक्तात हार्मोन असून भागत नाही, मेंदूत ते ओळखणारे आणि त्यावर हलणारे भाग लागतात. हार्मोन रक्तातून अंगभर फिरतं, पण ज्या पेशींवर त्याला धरणारे रेणू आहेत तिथंच त्याचा परिणाम होतो, आणि त्या पेशी पुढे कुठं जोडल्यात त्यावर वागणं ठरतं. एकच प्रोलॅक्टिन कबुतराच्या गळ्यात अस्तर वाढवतं, कोंबडीला टोपल्यात बसवतं आणि काऊबर्डला मात्र बसवू शकत नाही. पोराला सांगा, "नसतं का?" यापेक्षा "कुठं लागू पडतं?" असं विचार.

हुरडा पार्टी (गेवराई)

चर्चा कोंबडीची आहे, पण पाखरांच्या डोक्याचं चाललंय म्हणून माझंही विचारून घेतो. टाळकी ज्वारी निसवली की आमच्याकडं भोरड्या आणि त्या पिवळ्या पोटाच्या चिमण्यांचे थवे उतरतात. माळ्यावर उभं राहून गोफण फिरवून हात दुखून येतो. आणि मार्च-एप्रिलात एकदम गायब. कुणी सांगतं का त्यांना, की आता निघा? यंदा तर थंडी नव्हतीच, तरी वेळेवरच गेली.

गिरकीबाज (नांदेड)

दादा, त्या पिवळ्या चिमण्या बहुतेक काळ्या डोक्याचे भारीट. तुमच्या ज्वारीवर हिवाळा काढतात आणि विणीला इराण, तुर्कस्तान, त्याच्याही पलीकडे जातात. भारतात या पक्ष्यावर फार चांगलं काम झालंय. विनोद कुमार यांच्या गटानं लखनौ आणि दिल्लीच्या विद्यापीठांत वर्षानुवर्षं ते केलं.

थंडी असो-नसो, ते दिवसाची लांबी मोजतात. प्रयोगशाळेत लहान दिवसात ठेवलेला भारीट सडसडीत राहतो. दिवस लांबवला की तो अधाशासारखा खायला लागतो, अंगावर चरबी चढते, आणि रात्री झोपायचं सोडून पिंजऱ्यात उड्या मारतो. पिंजऱ्यात जायला वाट नसते, पण मेंदू निघालेला असतो.

आणि हा उजेड फक्त डोळ्यांनी मोजला जात नाही. फ्रान्समध्ये जाक बनुआ यांनी १९३०-४० च्या काळात बदकांवर दाखवलं की डोळे नसले तरी वाढीव उजेडानं त्यांचे वृषण वाढतात. पक्ष्याची कवटी इतकी पातळ की उजेड आत झिरपतो, आणि मेंदूत खोलवर तो टिपणाऱ्या पेशी असतात. पुढचं जपानमधल्या नागोया विद्यापीठात ताकाशी योशिमुरा यांच्या गटानं २००८ मध्ये उलगडलं, जपानी बटेरांवर. पहिल्याच लांब दिवशी, उजाडल्यापासून साधारण १४ तासांनी पिट्युटरीच्या एका पट्टीतून टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारं हार्मोन, सुटतं. त्यानं हायपोथॅलॅमसमध्ये थायरॉइडचं हार्मोन जागेवरच कामाला लागतं, आणि मग एलएच वगैरे पुढची रांग हलते. आपल्याकडे सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवसात जेमतेम सव्वादोन तासांचा फरक. तेवढाही भारीटाला पुरतो.

आपली सुगरण मात्र नुसत्या दिवसावर जात नाही, पावसाकडेही डोळा ठेवते. पाऊस लांबला की तिची घरटीही लांबतात, हे विहिरीवरच्या बाभळीला लटकलेली बघून तुम्हाला माझ्याआधी कळत असेल.

हुरडा पार्टी (गेवराई)

व्हय, बरोबर. पाऊस नसला की नर नुसती अर्धी घरटी विणून सोडून देतो. पण मला भोरड्यांचं सांगा, त्यांना लवकर घालवायचं काही हार्मोन आहे का?

गिरकीबाज (नांदेड)

नाही. गोफणच.

माळावरचा (भूम)

पशुवैद्य साहेब, पिसाचं मागं घेतो असं नाही, पण जाळीचा पिंजरा करून बघायला हरकत नाही. फक्त खेड्यात पिंजरा आणायचा कुठून? दोन कोंबड्यांसाठी कोण वेल्डिंग करून घेणार?

पेन्शनर पशुवैद्य (परभणी)

वेल्डिंग कशाला? टमाट्याचं प्लास्टिकचं कॅरेट घ्या, तळाला भोकं असलेलं. चार विटांवर ठेवा, कोंबडी आत सोडा, वर दुसरं कॅरेट पालथं घालून सुतळीनं बांधा. दाण्याची वाटी एका कोपऱ्यात, पाण्याची दुसऱ्या. रात्री घरात घ्या, मुंगूस कॅरेटच्या भोकातूनही पंजा घालतो. तळात वर्तमानपत्र अंथरायचा मोह होईल, ते मात्र करू नका, सगळी मेहनत तिथंच वाया जाते.

तुर्रेवाली (औसा तालुका)

कॅरेट दिराकडं आहेत. आजच बसवते. सासूबाई म्हणायल्यात, वर सावली कर, नाहीतर उन्हानं मरंल. तेवढं बरोबर आहे ना सर?

पेन्शनर पशुवैद्य (परभणी)

शंभर टक्के बरोबर. सकाळचं ऊन चालेल, दुपारी सावली. बादलीवरून रुसल्या असतील तर हे त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा.